डोंगराला गुण देताना

पुतण्याने माझ्यावर एक काम सोपवलंय आणि ते वाटलं होतं त्याहून जड जातंय. आमच्या वाडीच्या मागे डोंगर आहे. पायथ्याला काजूची कलमं, मध्ये राई, माथ्यावर सडा. तिथे डिस्क गोल्फचं मैदान होण्यासारखं आहे का, आणि झालं तर ते कितपत चांगलं होईल, हे मी फिरून, खेळून, बघून त्याला सांगायचं. "काकी, तू थंय खेळान इलंस. आता आपलो डोंगर बघ आणि खरां काय तां सांग," एवढंच तो म्हणाला. शेवटचे शब्द त्याच्या तोंडून सहज आले असतील. मला ते सहज घेता येत नाहीत. जमिनीबद्दल खरं बोलायचं तर आधी आपल्या नजरेत काय काय मिसळलंय ते निवडून बाजूला काढावं लागतं. ते निवडण्यासाठी लिहायला बसले आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. हा गोल्फच, पण काठी-चेंडूऐवजी हाताने भिरकावायची प्लॅस्टिकची चकती, आणि जमिनीतल्या खड्ड्याऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. डिस्क त्यांच्यावर आदळते आणि खाली टोपलीत पडते. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक, मग डिस्क पडेल तिथून दुसरी, तिथून तिसरी. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची, की पुढच्या टोपलीकडे चालू लागायचं. पुऱ्या मैदानात बहुधा अशा अठरा टोपल्या असतात, कुठे जास्तही. मुलं समुद्रावर खेळतात त्या चकत्या वेगळ्या. या वीतभर रुंदीच्या, पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाच्या आणि कडेला धार असलेल्या. लांब पल्ल्याची निराळी, जवळून टाकायची निराळी. उजव्या हाताने पाठमोरी फेकली तर वेग ओसरता ओसरता ती डावीकडे वळते. हे वळण ओळखून ते झाडांमधल्या वाटेवर बसवणं, हाच या खेळातला अर्धा आनंद.

एड हेड्रिक या माणसाने १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ ला कन्याडा फ्लिंट्रिज इथल्या ओक ग्रोव्ह बागेत पहिलं कायमचं मैदान आखलं. आधी लक्ष्य म्हणून नुसते खांब होते, साखळ्यांची टोपली त्याने मागाहून बनवली. १९७६ मध्ये खेळाडूंची संघटनाही त्यानेच उभी केली. खेळाचे नियम आज तीच ठरवते. २००२ मध्ये सांताक्रूझजवळच्या ला सेल्व्हा बीच या गावी तो वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क घडवल्या गेल्या. आपण अस्थी पाण्यात सोडतो. त्याने आपल्या वाऱ्यावर सोडायला सांगितल्या. हे लेकीने मला सांगितलं त्यानंतर या खेळाकडे निव्वळ करमणूक म्हणून बघणं मला जमलं नाही.

लेक सॅन होजेला असते. तिथून सांताक्रूझला जाणारा घाटरस्ता १७ क्रमांकाचा. आमच्या खारेपाटणवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचाही जुना क्रमांक १७च, आता तो ६६ झाला. सांताक्रूझचा तो घाट उतरला की समुद्राचा वास येतो आणि डीलाव्हिएगा बागेचे उतार सुरू होतात. तिथलं डिस्क गोल्फचं मैदान १९८० च्या दशकातलं. अमेरिकेतल्या जुन्या आणि नावाजलेल्या मैदानांत त्याची गणना होते. सपाट जागा तिथे शोधावी लागते. ओकची दाटी, मधूनच कोरड्या घळी, टोपल्या उताराच्या अगदी कडेला. थोडी चुकलेली जवळची फेकसुद्धा टोपलीला चाटून खाली घरंगळत जाते आणि मग ती शोधायला झुडपांत उतरावं लागतं. त्या झुडपांत तीन-तीन पानांची एक विषारी वेल आहे, तिथले लोक तिला 'पॉयझन ओक' म्हणतात. तिने अंगावर उठणारी खाज आमच्या खाजकुयलीपेक्षा कितीतरी दिवस जास्त टिकते. सत्ताविसावी टोपली सर्वांत प्रसिद्ध. 'जगाचा माथा' असं तिचं नाव आहे. डोंगराच्या टोकावर उभं राहायचं, स्वच्छ दिवशी समोर माँटेरेचा उपसागर दिसतो, आणि दीडशे मीटरांच्या पुढे, खूप खाली टोपली. तिथून सोडलेली डिस्क इतका वेळ हवेत राहते की फेकणाऱ्याला आपण काय केलं ते पूर्णपणे बघायला मिळतं.

मी भूगोल शिकवला. उतार, चढ, माथा, घळ हे शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिले. पण उताराचा माणसाच्या हातावर काय परिणाम होतो ते मला तिथे कळलं. चढावर फेकायचं तर अंतर आहे त्याहून जास्त धरावं लागतं, आणि हात नकळत वर उचलला जातो. मग डिस्क नाक वर करून उभी राहते आणि मागे पडते. उतारावर उलट. अंतर फुकट मिळतं, पण डिस्क जितका वेळ हवेत तितका वेळ ती वळत राहते, म्हणून शेवटी तिचं कुठे काय होईल ते आपल्या ताब्यात राहत नाही. झाडीत तिसरीच गोष्ट. तिथे लांब फेकणाऱ्याला काही किंमत नाही. दोन खोडांमधली फट बघून, तेवढीच फेक करून, पुढच्या फेकीला बरी जागा मिळवणाऱ्याची किंमत. साठीनंतर खेळायला लागलेल्या बाईला झाडीने न्याय दिला, असं मला वाटतं. तरण्या मुलांची डिस्क खोडावर आपटून मागे यायची, माझी बेताने पुढे जायची.

आणि बघा, याच वाक्यापासून मला सावध व्हायला हवं. झाडीने न्याय दिला, असं मी म्हणते, कारण झाडीत माझं बरं होतं. ज्याच्या डिस्क आपटल्या तो त्याच टोपलीला नशिबाचा खेळ म्हणेल, आणि तोही खोटं बोलत नसेल.

मैदानाचं मूल्यमापन करायची या खेळात रीत आहे. खेळाडू मैदानाला गुण देतात आणि त्याची कारणंही सांगतात. कोणत्या बाबी बघतात ते साधारण ठरलेलं आहे: लांब-आखूड टोपल्यांचं मिश्रण आहे का, डावीकडे वळणाऱ्या आणि उजवीकडे वळणाऱ्या वाटा सारख्या आहेत का, चांगल्या फेकीला चांगलं फळ मिळतं का, एका टोपलीपासून दुसरीपर्यंत चालायला किती पडतं, सुरक्षितता, देखभाल, देखावा. मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या. तपासणाऱ्याच्या मनाची अवस्था गुणांत उतरते, हे मला चांगलं माहीत आहे. सकाळच्या गठ्ठ्यातली आणि रात्रीच्या गठ्ठ्यातली तीच उत्तरं वेगळे गुण घेऊन जातात. म्हणून मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती: मार्क घालण्याआधी हे उत्तर मला का आवडलं किंवा का आवडलं नाही ते एका वाक्यात मनाशी म्हणायचं. ते वाक्य उत्तराबद्दल नसून माझ्याबद्दल निघालं, तर पेन खाली ठेवायचं.

डीलाव्हिएगाबद्दलचं माझं वाक्य मी तपासलं. "हे मैदान उत्तम आहे, कारण इथे घरच्यासारखं वाटतं." यात मैदानाबद्दल काय आहे? काहीच नाही. खाऱ्या वाऱ्याची ओढ आहे, दूर राहणाऱ्या लेकीबरोबर घालवलेली दुपार आहे, तिने वाट दाखवायला धरलेला हात आहे. हे सगळं काढून टाकल्यावर काय उरतं? उरतं हे, की त्या मैदानावर उताराचा उपयोग विचार करायला लावण्यासाठी केलाय, दमवण्यासाठी नाही. टोपली कडेला असल्यामुळे धाडस करायचं की नाही याचा निर्णय दरवेळी खेळणाऱ्याला घ्यावा लागतो. आणि काही वाटा इतक्या अरुंद आहेत की चांगली फेकही अडते. पहिले दोन गुण, तिसरा दोष. आता हे मत लेकीशिवाय आणि वाऱ्याशिवाय उभं राहतं. त्याला मी माझी सही करू शकते.

लोकांना वाटतं, पंच नसलेल्या खेळात सचोटीची कसोटी मोजणीत असते. स्पर्धेतही गटातले खेळाडूच एकमेकांच्या फेकी मोजतात, आणि चुकीचं गुणपत्रक दिलं तर दोन फेकींचा दंड बसतो. डिस्क पडली तिच्या मागे वीस सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर लांब एवढ्याच चौकोनात पाय टेकून पुढची फेक करायची, हाही नियम. झुडपात, एकटी असताना, तो चौकोन कोण बघणार? पण खरं सांगते, मला तिथे कधी मोह झाला नाही. आकडा खोटा लिहून मिळणार काय? मोजणी सोपी. मत अवघड. मत देताना खोटेपणा आपल्याला खोटेपणा वाटतच नाही, आवड वाटते.

आता आमचा डोंगर.

शुक नदीच्या काठचं आमचं गाव. हीच नदी पुढे वाघोटणची खाडी होते आणि विजयदुर्गाला समुद्राला मिळते. मोठा पाऊस लागला की बाजारपेठेत पाणी शिरतं, म्हणून गावाची नजर नदीवर असते. डोंगराकडे खेळाच्या नजरेने बघायची कुणाला सवय नाही. जमिनीची नोंद ठेवायची सवय मात्र जुनी. शके ९३०, म्हणजे इ.स. १००८ मधला शिलाहार राजा रट्टराजाचा दानाचा ताम्रपट खारेपाटणलाच सापडला. हजार वर्षांपूर्वी इथली जमीन कुणाला आणि कशासाठी दिली जाते हे तांब्यावर कोरून ठेवण्याइतकं मोलाचं मानलं जात होतं. मी गुण द्यायला निघाले आहे ते अशा मुलखातल्या डोंगराला.

डिस्कची पिशवी खांद्याला लावून मी आणि पुतण्या फिरलो. खुणेसाठी झाडाच्या बुंध्याला सुतळी, टोपलीच्या जागी बांबूवर उलटी टांगलेली सूप-टोपली. खेळून बघितल्याशिवाय उतार कळत नाही.

पायथ्याची कलमं 'वेंगुर्ला चार' आणि 'सात' जातींची, सात-आठ मीटरच्या अंतरावर लावलेली. ओळींमधून फेकायला वाट सुंदर, पण अरुंद. नवशिक्यालाही जमेल आणि जाणत्यालाही डोकं चालवावं लागेल अशी. इथे मी मनापासून चांगले गुण दिले, आणि मग कलमं कुणाची ते आठवलं. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मोहोर धरायला लागतो, फेब्रुवारीपासून बोंडं. पावणेदोनशे ग्रॅमची धारेची चकती मोहोरावर बसली तर काय होईल ते सांगायला शेतीतज्ज्ञ लागत नाही. पावसाचे चार महिने तर खेळ नाहीच. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, शेवाळलेली वाट, पाय ठरणार नाही. म्हणजे कलमांत खेळायचे दिवस उरले दिवाळीच्या आगेमागे थोडे. बाकीच्या दिवसांत वाट कलमांच्या बाहेरून, गवत कापून काढलेल्या जाळरेषेवरून न्यावी लागेल. ती सरळ आणि नीरस आहे. तरी तीच बरोबर आहे.

माथ्यावरचा सडा मोकळा. जांभ्याचा कातळ, पावसानंतर पोटरीपर्यंत गवत, खाडीकडून येणारा वारा. लांब फेकणाऱ्यांची हौस इथे पुरी होईल. पुतण्याचे डोळे इथेच चमकले. मी त्याला दोन गोष्टी दाखवल्या. एक टिटवी. ती उघड्यावर, खड्यांमध्ये अंडी घालते, उन्हाळा लागला की सड्यावर तिचंच राज्य. दुसरी गोष्ट कातळच. शेजारच्या राजापूर तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे, कशेळी इथे सड्यांवर कातळशिल्पं सापडली आहेत. कशेळीचा हत्ती तर अठरा मीटर लांबीचा आहे. आमच्या जिल्ह्यात कुडोपीला आहेत. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. माणसं पिढ्यान् पिढ्या त्यांच्यावरून गुरं चारत होती आणि गवताखाली, मातीखाली काय आहे त्याचा पत्ता नव्हता. आमच्या सड्यावर काही आहे असं मी म्हणत नाही. पण खांब बसवायला कातळात भोक पाडायच्या आधी मातीचा थर झाडून बघितलाच पाहिजे. आणि त्याहून चांगलं म्हणजे भोक पाडूच नये. उचलून नेता येणाऱ्या, पायावर उभ्या राहणाऱ्या टोपल्या मिळतात.

मधल्या वाटेवर मी बराच वेळ थांबले. सड्यावरून पायवाट खाली येते तिथे डोंगराचं नाक पुढे आलेलं आहे, आणि त्याच्या पलीकडे काय आहे ते फेकणाऱ्याला दिसत नाही. पुतण्याने जागा हेरली होती: इथून आंधळी फेक, नाकावरून, खाली टोपली. खेळ म्हणून थरार आहे. मी उभी होते तेवढ्यात खालून एक बाई लाकडाची मोळी घेऊन वर आली. डोक्यावर मोळी असली की मान वळत नाही. फक्त डोळे फिरतात, आणि तेही पायाखालच्या दगडांवर असतात. "बाजूक हो" असं ओरडलं तरी ती वर बघू शकत नाही, थांबली तर तोल जातो. ती जवळून गेली तेव्हा मानेच्या शिरा दिसल्या, चुंबळीखालून कपाळावर घामाची रेघ उतरलेली. मैदानाच्या मूल्यमापनात सुरक्षिततेचा रकाना असतो, पण तो खेळाडूंच्या सुरक्षिततेचा. ही बाई त्या रकान्यात कुठेच बसत नाही, आणि डोंगर खेळाडूंच्या आधीपासून तिचा आहे. ती जागा मी खोडली. पुतण्याने हुज्जत घातली नाही. तो तिला ओळखत होता.

मग राई.

ती सांगायला मी उशीर करते आहे, कारण तिथे मला माझ्याबद्दल सर्वांत जास्त विचारावं लागलं. आमच्या राईत किंजळ आहे, ऐन आहे, जांभूळ, खाली करवंदीच्या जाळ्या, आणि एका बाजूला शेंदूर लावलेला पाषाण. राईतली काटकीही कुणी घरी आणत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं मोल जगापुढे मांडलं. आमच्याकडे राईचा नियम त्याआधीही पाळला जात होता, कारण विचारायची पद्धत नव्हती.

राईच्या वरच्या कडेला उभं राहिलं की दोन किंजळींच्या मधून एक वाट खाली जाते. कुणी आखलेली नाही, पाण्याने केलेली. चाळीसेक पावलं सरळ, मग उतार किंचित डावीकडे कलतो, नेमका तिथे जिथे उजव्या हाताची डिस्क आपला वेग सोडते. वर फांद्यांचं छत इतक्या उंचीवर की बेताने फेकलेली डिस्क अडणार नाही आणि हावरेपणाने फेकलेली अडेलच. खाली मोकळी, पाचोळ्याची जागा, टोपलीसाठी. मी खेळलेल्या, बघितलेल्या कुठल्याही मैदानावर इतकी चांगली टोपली नाही. कोणती डिस्क काढायची ते हाताला ठाऊक होतं. ती मी काढलीसुद्धा. फेकली नाही.

का नाही फेकली? इथे मला स्वतःला सोडायचं नाही.

देवाची भीती? मी देवळात जाते, सप्त्याला जाते, पण कौल लावून निर्णय घेणारी मी नव्हे. पाषाणाला राग येईल म्हणून मी थांबले असं म्हटलं तर ते माझ्यापेक्षा जास्त श्रद्धाळू बाईचं उत्तर होईल, आणि दुसऱ्याच्या श्रद्धेचं श्रेय मी घ्यायचं नाही.

लोकांची भीती? हो, होती. पुतण्या बघत होता. उद्या वाडीत बोलणं झालं असतं, की शिकलेल्या बाईने राईत प्लॅस्टिक फेकलं. निवृत्त शिक्षिकेला नावाची काळजी असते, आणि ती सद्गुण म्हणून खपते. ही भीती मी मोजते आणि बाजूला ठेवते, कारण एखादी गोष्ट न करण्याला ती पुरेसं कारण नाही.

मग झाड. डीलाव्हिएगात आणि तिथल्या आणखी जुन्या मैदानांवर मी छातीच्या उंचीवरची खोडं बघितली आहेत. साल उडालेली, आतलं लाकूड फिकट, एकाच बाजूने, जिथून डिस्क येतात त्या बाजूने. पायाखाली माती इतकी दबलेली की मुळं उघडी पडून बुटांनी गुळगुळीत झालेली. खेळाडू वाईट नव्हते. ते झाडांवर प्रेम करणारे होते, लाकडाचा भुसा आणून मुळांवर पसरत होते, खोडांना पट्ट्या बांधत होते, टोपल्यांच्या जागा बदलत होते. तरी खोडं तशी झाली होती. झाडावर राग नसताना, उलट त्याच्यापाशी खेळायला आवडतं म्हणूनच, त्याची साल जाते. हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्या हाताने थांबायला एवढं कारण होतं, आणि ते माझं स्वतःचं होतं.

पण त्याच्याही पुढे एक प्रश्न आहे, आणि तो टाळून अहवाल लिहिला तर पुतण्याचे 'खरां काय तां' हे शब्द मी पाळले नाहीत असं होईल. पाषाण नसता, वाडी नसती, ही नुसतीच आमच्या हिश्शाची झाडी असती, तर मी थांबले असते का? मनापासून उत्तर द्यायचं तर, मला वाटतं, मी एक फेक केली असती. मग दुसरी. साल एका फेकीत उडत नाही, आणि प्रत्येक फेक एकटीच असते. म्हणजे मी जे झाडाचं कारण सांगते, ते मला दिसायला आधी कुणीतरी मला थांबवावं लागलं. ज्यांनी काटकीही आणायची नाही असं ठरवलं, त्यांनी मला तेवढा वेळ मिळवून दिला. त्यांच्या नियमामागची श्रद्धा माझी नाही. नियमाचं ऋण माझ्यावर आहे, हे मात्र मी कागदावर लिहायला हवं.

आणखी एक गाठ सोडवायची आहे. मैदान व्हावं असं मला वाटतं ते कुणासाठी? पोरांसाठी, हे खरं आहे. दहावी-बारावीनंतर मुंबईची गाडी पकडणाऱ्या मुलांना गावात संध्याकाळी पायांना काम असावं, डोंगर पायाखाली असावा, हे मला शिक्षिका म्हणून वाटत आलंय. माझ्यासाठीही वाटतं. गुडघे आहेत तोवर मला इथे, माझ्या वाऱ्यात, खेळायचं आहे; लेक सुट्टीत आली की तिला घेऊन जायला माझ्याकडे जागा असावी. आणि "हा खेळ गावात हिने आणला" असं कुणी म्हणावं, हीसुद्धा इच्छा आत आहे. तिन्ही इच्छा मी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. पहिल्या दोन सांगण्यासारख्या आहेत, तिसरी निर्णयाच्या वेळी खोलीत नको. मैदान अठरा टोपल्यांचं हवं हा माझा आग्रह कुठून येत होता ते बघितलं, तर तो तिसरीकडून येत होता. पोरांना नऊ पुरतात.

म्हणून पुतण्याला दिलेला अहवाल असा. डोंगर खेळायला चांगला आहे, उतारात विविधता आहे, वारा आहे. पण खेळण्यासारखा सगळाच नाही. नऊ टोपल्या. चार पायथ्याला, कलमांच्या बाहेरून जाळरेषेने. मोहोर धरायच्या आधी, गवत कापून झाल्यावर, त्यांतल्या दोन कलमांमधून. पाच सड्यावर, उचलून नेता येणाऱ्या, टिटवीच्या हंगामात काढून घ्यायच्या. पायवाट जिथे जिथे आडवी येते तिथे दोन्ही बाजूंनी दिसलं पाहिजे, नाहीतर ती टोपली रद्द. राई मैदानाच्या हद्दीबाहेर. तिच्यात गेलेली डिस्क आत चालत जाऊन आणायची, तिथून फेकायची नाही, दंडाची एक फेक. देखाव्याला मी गुणच दिले नाहीत, कारण तिथे माझं गाव मध्ये येतं आणि मला ते वेगळं काढता आलं नाही. तो रकाना कोरा ठेवला आणि कोरा का ते लिहिलं. रकान्यांच्या शेवटी मी एक रकाना वाढवला: या डोंगरावर खेळाशिवाय कोण येतं, कोणत्या वेळी, डोक्यावर काय घेऊन. तो भरायला पुतण्याला पहाटेपासून बसवलं आहे.

त्याने वाचून विचारलं, "काकी, सगळ्यात बरी टोपली तूच काढून टाकलंस. मग ह्या मैदानाक चांगला म्हणायचा काय?" मी म्हटलं, चांगलं म्हणायचं, सर्वोत्तम म्हणायचं नाही. त्याला ते पटलेलं नाही. राईतल्या वाटेचं चित्र मी त्याच्या वहीत काढून दिलंय, किंजळी कुठे, वळण कुठे, कोणती डिस्क, सगळं. त्या जागेला माझे गुण किती तेही लिहून दिलेत, कारण ते लपवणं हेही खोटंच झालं असतं.

जमीन सामायिक आहे. सातबाऱ्यावर नावं पुष्कळ, अर्धी माणसं मुंबईला. मैदान आमच्या एका घराच्या उत्साहाने होणार नाही, सगळ्यांची संमती लागेल, म्हणून अहवालाची एक-एक प्रत प्रत्येक हिश्शेदाराला पाठवली आहे. परळच्या चुलत दिरांचं उत्तर आलं, ते हो म्हणतात. विरारहून वहिनींनी विचारलंय की काजूचं नुकसान झालं तर भरून कोण देणार. रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर मी आणि पुतण्या या आठवड्यात बसून लिहिणार आहोत, आकड्यांसकट.